देवाची माफी मागून झालेला माणूस

गेल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सदरमधल्या आमच्या चर्चमध्ये पाळकांनी एका माणसाला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस दिला नाही. मी त्याच्या शेजारी होतो. पापांगीकाराच्या वेळी तो दर रविवारी सर्वांत मोठ्याने रडे, मग इस्त्रीच्या रुमालाने डोळे टिपून कॉलर नीट करी.

पाळक म्हणाले, "आईच्या दफनाला तुम्ही धाकट्या भावाला मारलंत. तो दाराशी उभा आहे. आधी त्याची माफी मागा."

"देवाची मागतली ना, पाळकसाहेब! आता याची काहून मागू? हा देवापेक्षा मोठा हाय का?"

भाऊ म्हणाला, "दादा, माफी राहू दे. बोल तरी माझ्यासंग."

तो भावाच्या शेजारून निघून गेला.

आता त्याने सीताबर्डीच्या एका चर्चमध्ये सभासदत्वाचा अर्ज दिला आहे. चौकशीसाठी आमच्या चर्चकडे आला तेव्हा तो अर्ज मी पाहिला. भावंडांच्या रकान्यात 'कोणी नाही' असे लिहिले आहे.