मी डोकं पुढं केलं

फेटा बहिणीचा होता आणि डोकं मी पुढं केलं.

शिरूरच्या मंगल कार्यालयात, पाच-सहाशे माणसांदेखत. एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. पूर्वी अशा दिवशी कुस्त्या व्हायच्या, आता मोबाईल गेमची तालुका स्पर्धा होते. निवेदक माईक तोंडात घातल्यासारखा ओरडला, "तालुक्याचा वाघ!" आणि फेटेवाला माझ्या डोक्याला कापड गुंडाळायला लागला. मी मान ताठ केली. फोटोत तुरा नीट यावा म्हणून.

तिसऱ्या रांगेत आशू बसली होती. माझी धाकटी बहीण. स्पर्धेच्या सगळ्या फेऱ्या तिनं घरात बसून खेळल्या होत्या, माझ्या नावानं. मी काय केलं? दारात उभा राहून आई येतेय का बघितलं.

नाव माझं लावायची अक्कलही माझीच.

"माझ्या नावानं खेळायचंय मला," ती म्हणाली होती. "माईक चालू ठिवून."

"आन् मग काय काय ऐकाय लागतं, ठाव हाय ना?"

ठाऊक होतं तिला. हा खेळ चौघांच्या टोळीचा. गोळी लागली की गडी लगेच मरत नाही, गुडघ्यांवर रांगत राहतो. टोळीतल्या कुणी येऊन उचललं तर वाचतो. आशू नावानिशी खेळायची तेव्हा ती पडली की टोळीतले अनोळखी गडी येऊन भोवती उभे राहायचे. उचलायचे नाहीत.

"पोरगी हाय रं!"

"जानू वाचव म्हण. मग उचलतो."

"नंबर दे आधी."

"जा, भाकरी थाप."

आशू मरायची. फोन पालथा ठेवायची. सकाळी उठून कंपनीत चेकिंगच्या लाईनवर बारीक पार्ट तपासायला जायची.

आता खरी घाण सांगतो. हे सगळं मला कसं माहीत? मी केलंय म्हणून. शिफ्ट सुटल्यावर, कंपनीच्या बसमध्ये. कुठलीशी पोरगी माझ्या टोळीत आली होती. पडली. खेळात नाचायचं एक बटण असतं, ते दाबून मी तिच्याभोवती नाचलो आणि म्हणालो, "गाणं म्हण, मग उचलतो." आख्खी बस हसली. मी बसचा हिरो. ती कुणाची तरी बहीण असेल, हे मनात आलं नाही. आणि कुणाचीच बहीण नसती तर चाललं असतं का, हे तर आजपर्यंत आलं नव्हतं.

तर असल्या माणसानं, म्हणजे मी, बहिणीला उपाय सुचवला. माईक बंद, नाव माझं. चोरानंच कुलपं विकावीत तसं.

फेटा बांधून झाला. पुढाऱ्याला सगळे आबा म्हणतात. आबा म्हणाले, "वाघाचा खेळ बघू की जरा!" मागं भिंतीएवढा पडदा. माझ्या टोळीत आबांचा पुतण्या. हात दुखतोय म्हणून सांगता आलं असतं. पण डोक्यावर फेटा असला की माणसाला आपल्याला सगळं जमतं असं वाटतं.

दोन मिनिटांत गोळी लागली. भिंतीएवढ्या पडद्यावर मी रांगायला लागलो.

"आरं, पोरीवानी खेळतोय!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळं कार्यालय हसलं.

मी तिसऱ्या रांगेकडं बघितलं. पोरीवानी खेळता आलं असतं तर रांगलो असतो का?

खेळातला पुतण्या माझ्याजवळ येऊन थांबला. खऱ्या पुतण्यानं स्टेजवरचा माईक हातात घेतला.

"मालक वाचवा म्हण. मग उचलतो."

माझा आजा आबांच्या घरच्याच रानात मेंढरं बसवायचा. लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचा आणि उठता-बसता मालक म्हणायचा. आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, तो शब्द घरातून घालवला होता. त्यासाठी दोनदा मारही खाल्ला होता.

मी म्हणालो. "मालक वाचवा." स्पीकरवर. फेट्यासकट.

त्यानं उचललं नाही. नाचला. तेच बटण.

त्याची किळस आली असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण पडद्यावर नाचत होता तो मीच होतो, बसमधला. आणि रांगत होतो तोही मीच. बसमधल्या पोरीनं गाणं म्हटलं नव्हतं. आशूनं कधी जानू म्हटलं नाही. मी पहिल्या हाकेला म्हटलं.

मी पुतण्याच्या हातातला माईक ओढला. "आधीच्या फेऱ्या मी खेळलो न्हाई. माझी बहीण खेळली. आशू."

आबा हसले. "हारला तर हार की. बहिणीच्या पदराआड कशाला लपतो?"

आशू उठली. स्टेजवर आली. स्वतःचा फोन काढला. "चालू करा," म्हणाली.

या वेळी पुतण्या समोरच्या टोळीत. तीनदा रांगला. तिनं त्याला काही म्हणायला लावलं नाही. सरळ गोळी घातली.

"भाऊच आतनं खेळत आसंल," खालून एकजण म्हणाला. मी तिच्या शेजारीच उभा होतो. दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले. तरी पटेना.

"वा वा," आबा म्हणाले. "बायकांच्या संगीतखुर्चीच्या बक्षिसातली एक साडी आणा रं पोरीला."

"साडी नको. फॉर्मवर माझं नाव लावा. दौंडला मी जाणार."

दौंडला पुढची, जिल्ह्याची फेरी होती.

"नाव बदलत न्हाई आता. दौंडला ह्योच जाईल. तू घरनं खेळ की पहिल्यावानी. कुणाला कळतंय?"

हे माझंच बोलणं. दारात उभा राहून मी तिला हेच सांगितलं होतं.

मी टेबलावरचा फॉर्म ओढला आणि माझं नाव खोडलं. कागद फाटेपर्यंत खोडलं. फेटा काढून आशूपुढं धरला. तिनं हात लावला नाही. आम्ही निघालो तेव्हा फेटा साडीशेजारी पडला होता.

पुढच्या महिन्यात दौंडलाच दुसऱ्या एका मंडळाची खुली स्पर्धा आहे. काल आशूनं फॉर्म भरला. स्वतःचं नाव, पूर्ण. टोळीत तिच्या लाईनवरच्या तिघी. माईक चालू राहणार. कुणी तोंड उघडलं तर त्याचा आवाज रेकॉर्ड होणार आणि त्याच्या गावाच्या ग्रुपवर जाणार, जिथं त्याची आई, चुलते, मास्तर सगळे आहेत. चौघींचं ठरलंय.

माझंही ठरलंय. तिच्या खेळावर माझं नाव पुन्हा लागणार नाही. बसमध्ये कुणी पोरीला रांगवत असला की मी उठतो. आधी माझं सांगतो, त्या गाण्याचं. मग त्याचं काढतो. हल्ली माझ्या शेजारी कुणी बसत नाही. ऐसपैस बसायला मिळतं.

तरी ती फॉर्म भरत होती तेव्हा वाटलं, राखीव म्हणून का होईना, माझं नाव फॉर्मवर असेल. विचारलं. "सगळ्यांपुढं खरं बोललो ना मी?"

तिनं फॉर्मवरून मान वर केली नाही.

"हारल्यावर बोललास, दादा. जिकला असतास तर फेट्यातच घरी आला असतास."