भोपळ्याचा तिसरा लिलाव

गेल्या रविवारी आमच्या चर्चचा कापणीचा सण होता आणि मी रांजणगावच्या कंपनीतून नाइट शिफ्ट करून सकाळीच घरी टेकले होते. डोळे नुसते चुरचुरत होते. आप्पा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, तू झोप, मी जातो. पण घरचा तो भलामोठा भोपळा उचलणार कोण... नवरा फर्स्ट शिफ्टला. मग मीच भोपळा घेऊन आप्पांबरोबर मुकाट्यानं शिरूरच्या चर्चला गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या सणाला आम्ही शेतातला माल देवापुढं आणतो आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. घेणाऱ्यानं वस्तू परत दान केली तर तीच पुन्हा पुकारतात. एखादा कोंबडा असा चार घरं फिरून येतो! आणि पुकारायचं आप्पांनीच... तो मान त्यांचा.

यंदा सुरुवातीलाच पुकारायच्या टेबलावरून उतरताना त्यांचा पाय सटकला आणि डोकं मागं दगडी पायरीवर आपटलं. रक्ताचा थेंब नाही, टेंगूळ तेवढं आलं. कुणी पाणी पाजलं, कुणी टेंगूळ चोळलं, कुणी तोंडात साखर घातली. आप्पा जरा वेळ बसले आणि "काय न्हाई झालं" म्हणत उभे राहिले. रक्त नाही म्हणजे काही नाही, असं सगळे धरून चालले. मीसुद्धा मागच्या बाकावर जाऊन बसले. अंगात त्राणच नव्हतं.

मग आमचा भोपळा निघाला. "हा आमच्या बांधावरचा. उचलायला सून लागली, खायला अख्खी आळी लागंल." सगळे हसले. शेजारच्या शांतवनकाकांनी घेतला.

थोड्या वेळानं आप्पांनी काकांच्या पायाशी ठेवलेल्या भोपळ्यावर हात ठेवला आणि पुन्हा तेच... आमच्या बांधावरचा, सून, अख्खी आळी. लोकांना वाटलं, काकांनी परत दान केला. काकांना वाटलं, आप्पा देवाच्या नावानं आपल्याला पिळतायत. बिचाऱ्यांनी हसत हसत पुन्हा बोली लावली.

तिसऱ्यांदा "हा आमच्या बांधावरचा" ऐकलं आणि माझी पेंग खाडकन उतरली. शिळा विनोद आणि शिळी भाकरी पाहुण्याला वाढू नये, हे आप्पांचंच म्हणणं. ते तीनदा तेच बोलणार?

पुढं जाऊन हळूच विचारलं, "आप्पा, मगाशी भोपळा कुणी घेतला?"

"मगाशी? अजून लिलाव कुठं सुरू झालाय? आन् तू कवा आलीस?"

मी त्यांचा हात धरला.

कंपनीत फर्स्ट एडचं ट्रेनिंग झालं होतं. डोक्याला मार लागल्यावर माणूस तेच तेच विचारायला लागला, गोंधळला, उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, पेंगायला लागला... यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. त्यात आप्पांना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू. अशा माणसाला वरून बरं दिसलं तरी दवाखान्यात न्यायचं, कारण आत रक्त साचू शकतं.

खुर्चीत बसवलं. मान दुखते का विचारलं, हलू नका म्हटलं. टेंगूळ चोळणारे हात बाजूला केले, थंड ओला रुमाल नुसता टेकवला. कुणी चहा आणला, कुणी डोकेदुखीची गोळी... दोन्ही परत पाठवलं. सणाच्या दिवशी कशाला तमाशा, असं मागून कुणीतरी पुटपुटलं. भांडायचं बळ नव्हतं, तरी भांडले. ॲम्ब्युलन्ससाठी १०८ लावला.

सीटी स्कॅन झालं. आत रक्तस्राव नव्हता, मेंदूला हादरा बसला होता. पण ती गोळी चालू म्हणून डॉक्टरांनी लक्ष ठेवायला ठेवून घेतलं. आप्पा आता घरी आहेत, काळजी नको. शांतवनकाका भोपळा घेऊन भेटून गेले. लिलाव मात्र आप्पांना अजून आठवत नाही.

पण दवाखान्यातली ती दुपार... "तू कवा आलीस?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. मी दर वेळी नव्यानं सांगत होते, आत्ताच आले आप्पा. हसून सांगत होते आणि आतून भीती वाटत होती, की हा माणूस आता असाच राहिला तर?

संध्याकाळ व्हायला आली. आप्पांनी डोळे उघडले, माझ्याकडं बराच वेळ बघितलं. आता पुन्हा तेच विचारणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं.

"नाइट करून आलीस ना गं? सकाळीच म्हणलं व्हतं, झोप. ऐकत न्हाईस."

ओढणी तोंडाला लावून रडले मी. देवा, तुझे उपकार... मग त्यांच्या कॉटच्या कडेला डोकं टेकलं आणि आप्पा म्हणाले तसं केलं.