दोन बोटांची फट

आमची मोटारसायकल माझ्या लग्नाच्याही आधीची. कापसाला बरा भाव मिळाला त्या वर्षी सासऱ्यांनी घेतली, मग नवऱ्याकडे आली. टाकीचा मूळ रंग कोणता, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. पण पहिल्या किकला सुरू होते. हे मी ऐकीव सांगत नाही, सध्या किक मीच मारते.

पावसाळ्याआधी नवऱ्याने हौसेने तिला रुंद टायर बसवून आणले. इकडे सगळे बटन टायर म्हणतात तसले, जाड गोट्यांचे. गाडी एकदम पहिलवान दिसायला लागली. मी तेव्हाच म्हटलं होतं, हे नाकापेक्षा मोती जड झालं. त्यावर ते नुसते हसले. बायकांना गाडीतलं काय कळतं असं तोंडाने म्हणायची त्यांची रीत नाही, ते काम त्यांचं हसणं करतं.

आमचं शेत नेर तालुक्यात, गावापासून बरंच आत, आणि वाट सगळी काळ्या मातीची. तण निंदायला जाताना आम्ही बायका शेताच्या कडेला धुऱ्यावरच चपला काढून ठेवतो, कारण चार पावलांत चपलेपेक्षा जड चिखल तिला चिकटतो. जितका तळ रुंद, तितका चिखल जास्त. श्रावणात एका सकाळी याच वाटेवर पुढच्या चाकात आणि मडगार्डमध्ये चिखल असा ठासून बसला की चाक फिरायचंच थांबलं. गाडी आडवी झाली, नवऱ्याची मांडी खाली आली आणि हाड मोडलं. आत रॉड टाकावा लागला.

दवाखान्यातून घरी आल्यावर मी अंगणात बसून खुरप्याने त्या चाकातला वाळलेला चिखल उकरला. निम्मा उकरल्यावर कळलं की टायर आणि मडगार्ड यांच्यात माझी करंगळीही जात नाही. चिखल शिरायला जागा होती, निघायला नव्हती. माझा असा संताप झाला म्हणून सांगू, कारण ते सगळं नुसतं दिसण्यापायी झालं होतं.

तेव्हापासून नवरा खाटेवर आणि शेत माझ्याकडे. निंदण, भाड्याच्या बैलांनी ओळींमधलं डवरण, फवारणी, मजूर बायका जमवणं, सगळं. खाटेवरून सूचना मात्र रोज यायच्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी दोन महिने ऐकलं. आणि दसऱ्याच्या सुमारास एक दिवस ते म्हणाले की पुढच्या वर्षी शेत बटईने, निम्म्या वाट्यावर देऊन टाकू, शेजाऱ्याशी बोलणं झालंय, रविवारी त्याला शब्द देतो. आता आपल्या घरात शेत करणारं कोणी राहिलं नाही, असंही म्हणाले. मी तेव्हा नुकतीच शेतातून आले होते, पायाचा चिखलही धुतला नव्हता. मला फार लागलं ते.

भांडून उपयोग नव्हता. मी एवढंच म्हटलं की शब्द देण्याआधी एकदा शेत डोळ्यांनी बघा. ते म्हणाले, जाऊ कसा? खरंच होतं. त्या वाटेने ऑटो जात नाही, आमचे बैल कधीच विकले, आणि सोयाबीनच्या काढणीत गावात रिकामा माणूस सापडत नाही. मी म्हटलं, मी नेते गाडीवर. गाडी मला माहेरी असताना भावाने शिकवली होती, शेताच्या वाटेवर मी ती कधीमधी चालवायचेही. डॉक्टरांनी बसायची परवानगी दिलेली होती.

"मी? तुह्या मांगं बसून?" ते म्हणाले. "अन् त्याच गाडीवर, जिनं मले पाडलं?"

पहिला प्रश्न त्यांचा त्यांनी सोडवायचा होता. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे होतं. रविवारच्या आत टायर बदलायचे.

गोठ्याच्या टिनावर वजनाला गाडीचा जुना, झिजलेला मूळ टायर ठेवलेला होता. शिडी लावून वर चढले, त्याच्यावरचा आकडा पदराने पुसून वाचला आणि तळहातावर लिहून घेतला. एक बोकड विकला आणि डांबरी रस्त्याने हळूहळू गाडी नेरला नेली. बोकडाच्या पैशांत दोन्ही टायर बसायला हवे होते. अंथरूण पाहूनच पाय पसरायचे होते.

दुकानदाराने आधी विचारलं, भाऊ नाही आले का? मी म्हटलं, भाऊ खाटेवर आहेत, टायर मला पाहिजेत. त्याने नवे रुंद टायर पुढे केले, ते आवाक्याबाहेर होते आणि फुकट दिले तरी मला नको होते. मग रिमोल्ड दाखवले, म्हणजे जुन्याच टायरवर नवीन रबर चढवलेले. स्वस्त होते. पण जुन्या गादीला नवी खोळ घातली म्हणून आतला कापूस नवा होत नाही. मी तळहात पुढे केला आणि म्हटलं, दोन्ही चाकांना हेच माप द्या. पुढे सरळ रेघांचा, मागे साध्या नक्षीचा.

तो म्हणाला, "वहिनी, हे बारीक टायर आता कोनी घेत नाही."

"म्हनूनच सस्ते असतीन," मी म्हटलं.

त्याने माळ्यावरून धुळीने भरलेली जोडी काढली. बियाण्याची पिशवी असो की औषधाची बाटली, तारीख वाचल्याशिवाय मी काही घेत नाही, म्हणून याची तारीख कुठे असते ते विचारलं. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. जोडी कैक वर्षांची निघाली. नख रुतवून पाहिलं तर रबर दगड झालेलं. मी म्हटलं, ताजी मागवा, मी शनिवारी येते. तो कुरकुरला, पण त्याने यवतमाळला फोन लावला आणि शनिवारी जोडी आली. बोकडाच्या पैशांत ट्यूबसुद्धा बसल्या. दुकानातल्या सगळ्यांसमोर मी पुढच्या मडगार्डखाली दोन बोटं घालून बघितली. आरामात गेली.

घरी नवऱ्याने दारातूनच विचारलं की हे सायकलचे टायर कोणाचे काढून आणले. मी आत गेले. पोळ्या करायच्या होत्या.

रविवारी सकाळी ते अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार बसले. परतीचा पाऊस आदल्या दिवशीच पडून गेला होता, म्हणजे परीक्षा पुरी होती. कुबडी त्यांनी आडवी धरली आणि दुसऱ्या हाताने मागचं कॅरिअर पकडलं. मला धरलं नाही. चिखल लागला तशी मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली. गाडी सर्रकन गेली असं मी म्हणणार नाही. मागचं चाक हललं, दोनदा मी पाय टेकवले. पण चिखल चाकाबरोबर वर यायचा आणि फटीतून सुटून खाली पडायचा. चाक कुठे अडलं नाही. ते पडले होते त्या जागेजवळ आलो तेव्हा त्यांचा हात कॅरिअरवरून माझ्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला.

शेतात कापूस फुटायला लागला होता. तूर माझ्या खांद्याच्या वर गेली होती. धुऱ्यावर कुबडी टेकवून ते उभे राहिले आणि पिकाच्या शेवटच्या तासापर्यंत, पार टोकाच्या ओळीपर्यंत नजर नेली. मग फवारणी कधी केली, खत कोणतं टाकलं, हे विचारलं. मी सांगत गेले. खालच्या अंगाला एक तास विरळ राहिला होता, तेवढा त्यांनी बरोबर शोधून काढला. नावं ठेवायला काहीतरी हवंच. मग एक बोंड हातात घेऊन त्यातला कापूस बोटांनी ओढून पाहिला.

परत येताना गावाजवळ मी गाडी मागच्या बोळाकडे वळवायला लागले. रविवारची सकाळ, देवळाच्या ओट्यावर माणसं बसलेली असणार, आणि मागे बसून यायची त्यांना लाज वाटत होती हे मला ठाऊक होतं.

"इकडून काहून घेऊन राह्यली?" ते मागून म्हणाले. "चौकातून घे."

चौकात ओट्यावर सातआठ जण होते, आमची वाट पाहणारा तो शेजारीही होता. सगळे बघायला लागले. त्यांनी मला गाडी थांबवायला सांगितली. मला वाटलं, पाय दुखतोय, उतरायचं असेल. ते उतरले नाहीत. माझ्या मागे बसूनच त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली.

"बटईचं राहू दे, भाऊ. शेत करनारं मानूस आहे आमच्या घरी." आणि सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे."

कोणीतरी काहीतरी विचारलं, मला ऐकू आलं नाही. उभ्या चौकात मला एवढा अभिमान वाटत होता की मान खाली घालायचंही सुचलं नाही. मी किक मारली आणि गाडी घराकडे घेतली.