ठळक नातेवाईक

माझ्या सख्ख्या भावाचं लग्न मी एका फाँटने जवळजवळ मोडलं.

फाँट तसा गुणी. स्लॅब सेरिफ म्हणतात त्याला. जाडजूड, ठाम, प्रत्येक अक्षराच्या पायाशी वीट ठेवल्यासारखा चौकोनी ठोकळा. डिझाइन शिकताना सरांनी बजावलं होतं, “हा मथळ्याचा फाँट. दोन शब्द लिहा, भोवती मोकळी जागा सोडा आणि बाजूला व्हा.” (मोकळी जागा! आमच्याकडे ती कुणी जेवणाच्या ताटातही सोडत नाही.)

हॉलच्या दारातला फ्लेक्स माझ्याकडे आला. मी मधोमध ‘रणजित’ आणि ‘प्रियांका’ त्या फाँटमध्ये ठोकलं आणि खाली निमंत्रकांची नावं नाजूक अक्षरात टाकली. बाबांचं आयुष्य शिरोलीच्या फाउंड्रीत गेलेलं. ते खूश! “ह्याला म्हणायचं अक्षर! कास्टिंग काढल्यागत!”

मग आतोबा आले.

“व्हय गं पोरी, माझं नाव मुंगीएवढं? मी काय रस्त्यावरनं उचलून आणलेला पावणा हाय?”

“आतोबा, डिझाइनमध्ये एकच गोष्ट मोठी ठेवतात...”

“मग ती मीच की! जाड कर. न्हायतर तुझी आत्या लग्नाला येत न्हाय!”

आत्या नाही म्हणजे हळदीला रडारड. मी इंग्लिश मीडियमची. मला शंभर फाँट नुसत्या नजरेने ओळखता येतात, पण मराठीत ‘नाही’ म्हणता येत नाही. केलं जाड.

आतोबा जाड झाल्याची बातमी तासाभरात मंगळवार पेठभर पसरली. मामांचा फोन आला, “आईकडची माणसं बारीकच व्हय?” मामा जाड. तिन्ही चुलते जाड. दादाच्या तालमीचे वस्ताद (जे मुळात कधीच बारीक नव्हते) जाड. शेवटी बाबा हळूच म्हणाले, “यजमान मी हाय न्हवं?”

नवरा-नवरी सरकत सरकत फ्लेक्सच्या तळाला गेले. वरच्या कोपऱ्यात टीचभर पांढरी जागा उरली, तिथे मी माझं नाव टाकलं. ‘कु. मुग्धा’. बारीक, लाजरं, कुणाच्या डोळ्यांत न भरणारं.

लग्नादिवशी तळाच्या नावांपुढे नेमकं अत्तर-गुलाबपाण्याचं टेबल मांडलं गेलं. गारगोटीहून नवरीसकट बस आली. नवरीचे आजोबा उतरले आणि त्यांनी फ्लेक्स निरखला. जाड नावांची नुसती भिंत, आणि मोकळ्या जागेत उठून दिसणारं एकच बारीक नाव.

“ह्यो आपला हॉल न्हाय. हितं कुणा मुग्धाचं लगीन हाय. चला पुढं!”

मी टेबलाशीच उभी होते. थांबवायला हवं होतं. पण इतक्या अनोळखी माणसांशी बोलायचं म्हणजे... मी त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडलं!

सुगंधी होऊन ती अख्खी बस शेजारच्या हॉलात गेली आणि तिथलं उप्पीट खात बसली. इकडे मुहूर्त तोंडावर आणि नवरदेव एकटा. मी बाबांच्या कानात कसंबसं पुटपुटले, तसे वस्ताद धावले आणि नवरीला घेऊन आले. आतोबा मात्र फ्लेक्सखाली फोटो काढून घेत होते. “मुहूर्त काय, दुसरा बी निघतोय. नाव कसं ठसठशीत आलंय!”

अक्षता कशाबशा वेळेत पडल्या. मी खांबामागे लपले होते, तेवढ्यात नवरीचे आजोबा माइकवर गरजले, “ती मुग्धा कोण हाय? जरा हुबी ऱ्हा बघू!”

अख्खा हॉल वळला. खांबाजवळची माणसं पटापट बाजूला झाली.

दोन शब्द, भोवती मोकळी जागा. जमलं, सर!