सासूबाईंचा तांब्या

मी कोल्हापूरचा जावई. दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून मेव्हण्याच्या घरी उतरलो की पहिले दोन दिवस माझ्या ताटात इतकं वाढतात, की शेवटी ताटच मला खातं. तिसऱ्या दिवशी मी उठतो आणि जुन्या वस्तूंचा बाजार गाठतो.

त्या बाजारातून मी आजवर जे उचललंय ते ऐकून एखादं वस्तुसंग्रहालय हुंदके देईल. पन्हाळ्याच्या वेढ्यात सुपारी कातरलेला अडकित्ता माझ्याकडे आहे. हत्तीला जुलाब देण्याची पळी आहे. एक कुलूप तर इतकं जुनं, की ते बनलं तेव्हा चोर जन्माला यायचे होते. नाशिकला पाहुणे आले की मी ही सगळी वंशावळ ऐकवतो आणि बायको चहा पुढे करत म्हणते, "साखर बघा हं. बाकी गोड यांच्या बोलण्यात आहेच."

मला बरीच वर्षं वाटायचं, ती बाजारात येते ती माझ्या पाकिटावर लक्ष ठेवायला. पण ती ना दिव्याकडे बघायची, ना कुलपाकडे. थेट तांब्या-पितळेच्या ढिगाशी बसायची. एकेक तांब्या उचलायचा, ओढणीनं गळ्याखाली पुसायचा, वाचायचा, ठेवायचा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात. लग्नकार्यात गल्लीभरची भांडी एकत्र होतात, मग ज्याचं त्याच्या घरी जावं म्हणून. बायको ती नावं वाचत होती. तिच्या आईचा तांब्या शोधत होती.

सासूबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी मेव्हण्यानं स्वयंपाकघर नवं केलं. जुनं तांबं-पितळ मोडीत घातलं, बदल्यात चकचकीत स्टील आणलं. आम्ही नाशिकला. आईच्या उशाशी रात्रंदिवस असणारा तो तांब्याही त्यातच गेला. मेव्हणा काही वाईट माणूस नाही. बहिणीनं विचारलं तेव्हा कान धरून उभा राहिला, स्वतः दुकानं पालथी घालून आला. पण मोडीत गेलेलं भांडं म्हणजे उसात शिरलेलं डुक्कर. दिसलं तर दिसलं.

तेव्हापासून दर सुट्टीत तिनं इतक्या परक्या बायकांची नावं वाचलीत, की मतदार यादीवाल्यांनी तिच्याकडे शिकवणी लावावी. या दिवाळीत मात्र तिनं ढिगातला शेवटचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मी नाही येणार. तुम्ही जा." वाळलेले कपडे काढून आणावेत तसं म्हणाली. ना रडणं, ना कुरकूर.

मग मात्र माझ्यातला कारस्थानी माणूस जागा झाला. तो फारसा झोपलेला नसतोच.

दुपारी एकटाच परत गेलो. ढिगाचे मालक चाचा, स्वतः भांड्यांवर नावंही घालून देतात. बायकोच्या वर्णनातला तांब्या मला पाठ होता: तांब्याचा, बसक्या पोटाचा, एका बाजूला अंगठा मावेल एवढा पोचा. तसा, बिननावाचा, एक निवडला आणि सासूबाईंचं नाव सांगितलं, सासऱ्यांच्या नावासकट, आडनावासकट.

"मशीननं घालू?"

"नको. छिन्नीनं. जुनं दिसलं पाहिजे."

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "पावणं, भानगड काय हाय?"

मी सांगितली. त्यांनी तांब्या पुढ्यात ओढला. छिन्नी-हातोडीनं ठिपक्या-ठिपक्यांचं नाव घातलं, वर चिंच आणि काजळी चोळून अक्षरांचा नवेपणा घालवला.

"उद्या ढिगात तळाशी ठेवा. आणि बोलू नका काही."

"मी? आवो, मी तोंडच उघडत न्हाई. कुणालाबी इचारा."

दुसऱ्या दिवशी, एक अपूर्व समई दिसलीय अशी थाप मारून बायकोला घेऊन गेलो. ती नुसती उभी होती. तेवढ्यात चाचा खणखणीत ओरडले, "ताई, त्यो तळाचा तांब्या बघा की! लई वर्सं झाली, कुणी हातच लावला न्हाई बघा त्याला!"

मी आभाळाकडे बघायला लागलो.

तिनं तांब्या काढला. पुसला. वाचला. सगळा बाजार चिडीचूप झाला, निदान माझे कान तरी बंद पडले. तिनं पोच्यात अंगठा घालून पाहिला. मग अक्षरांवरून बोट फिरवून ते नाकाशी नेलं.

"अहो."

"काय गं?"

"हा आईचा नाही."

"पण नाव तर..."

"नाव आईचंच आहे. सासरचं. तो तांब्या तिच्या माहेरनं रुखवतात आला होता. त्याच्यावर तिचं माहेरचं नाव होतं."

लग्नात मुलीचं नाव बदलायची आपली रीत. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात आणि जुनं त्या तांदळाबरोबर डब्यात जातं. सासूबाईंच्या हातचं मी इतकी वर्षं जेवलो आणि त्यांना आणखी एक नाव होतं हे मला ठाऊकच नव्हतं. पळीची सात पिढ्यांची वंशावळ सांगणारा मी!

"घ्या!" न बोलणारे चाचा म्हणाले. "सासूचं पैलं नाव ठावं न्हाई, आन् पावणं निगालं तांब्या घडवाय!"

आता तो तांब्या माझ्या टाळक्यात बसणार अशी माझी खात्री झाली. पण ती चाचांच्या शेजारी फळकुटावर बसली, तांब्या मांडीवर घेऊन. कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत राहिली. मग विचारलं, "चाचा, अजून एक नाव मावेल का याच्यावर?"

"मावंल की. ह्या नावाच्या वर जागा हाय."

"मग वरच घाला. ते आधीचं."

चाचांनी छिन्नी घेतली. तिनं नाव सांगितलं. लहानसंच, शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधाला हाक जावी असं.

"कोण हाक मारायचं ह्या नावानं?"

"तिची आई. मग मामा, भाऊबीजेला आला की. मामा गेला. नंतर कुणीच नाही."

तांब्या गोल, ठोक्यासरशी घरंगळायला लागला. तिनं तो दोन्ही तळव्यांत घट्ट धरला आणि चाचांची हातोडी तिच्या हातांतच वाजू लागली. ठोके ऐकता ऐकता ती बोलू लागली. कागलकडच्या एका विहिरीत काठावरून उडी मारणारी पोर, भावाच्या आधी चिंचेच्या शेंड्याला पोचणारी, मार खाल्ला तरी हसणारी. आपल्या आईबद्दल इतकं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

चाचांचं शेवटचं अक्षर उरलं होतं. त्यांनी हातोडी खाली ठेवली, चष्मा काढला, सावकाश पुसायला घेतला आणि म्हणाले, "मग? फुडं काय केलं त्या पोरीनं?"