स्वच्छ दिसत होतं तरी

चाकूरला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. शुगर निघून अकरा वर्षं झाली होती, पण डोळे तपासून घे, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. म्हणाल्या त्या माझ्या एक गिऱ्हाईक, शाळेतल्या बाई. त्यांच्या वडलांची नजर शुगरनंच गेली होती.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "लग्नसराई चालू हाय. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवतीस, तुझ्या डोळ्याला काय धाड भरली?"

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घातलं आणि लातूरची बस धरली.

डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकून डोळ्यांच्या आतला फोटो काढला. "पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके आहेत."

"पण मला तर स्वच्छ दिसतंय!"

"सुरुवातीला दिसतंच."

मग एकेक विचारत गेल्या. शुगर किती वर्षांची? तीन महिन्यांची सरासरी किती? लघवी कधी तपासली? बीपी? बीपीची गोळी मी स्वतःच बंद केली होती, सवय लागते असं जाऊबाई म्हणाल्या म्हणून. तंबाखू? मिश्रीची डबी कमरेलाच होती. मी खाली बघितलं.

"गेलेली वर्षं परत येत नाहीत," त्या म्हणाल्या, "पण बाकीचं बरंचसं तुमच्या हातात आहे. सहा महिन्यांनी या."

थेंबांमुळं परतीच्या बसची पाटीही वाचता येईना. विचारत विचारत घरी आले.

"डॉक्टर लोकं उगंच भ्या घालतेत," नवरा म्हणाला.

"अकरा वर्षं कुणी भ्या घातलं न्हाई, म्हणून तर हे झालं!"

मिश्री उकिरड्यावर ओतली. आठ दिवस डोकं ठणकत होतं, सगळ्यांवर खेकसत होते. बीपीची गोळी पुन्हा सुरू केली. पुतणीच्या लग्नात चुलत सासूबाईंनी गुलाबजाम थेट तोंडाशी आणला. "एकानं काय होतंय?" मी त्यांचा हात बाजूला सारला.

"लई शानी झालीस गं!" त्या भर पंगतीत म्हणाल्या.

"झाले," म्हटलं, आणि वरण-भात कालवला.

सहा महिन्यांनी ठिपके गेले नव्हते, पण वाढलेही नव्हते. या खेपेला जाऊबाईंना सोबत घेतलं. त्यांचीही शुगर निघालीय. नवरा दारातून ओरडला, "आता वहिनीलाबी नेतीस?"

"हाव. पुढच्या खेपेला तुम्हाला."