आठ पावलांवरून ऐकलेली डबी

सकाळचा चहा होण्याआधी लटारूभाऊ खुंटीवरचे हेडफोन काढत. दुपट्ट्याच्या कोपऱ्याने कानावरच्या दोन्ही वाट्या पुसत, जाड काळी वायर सोडून पुन्हा आठच्या आकड्यात गुंडाळत आणि पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी ठेवत. मग सातची गाडी. आरमोरीहून गडचिरोलीला जायला एक तास, संध्याकाळी परतायला एक तास. मधल्या वेळात ते एका सरकारी कार्यालयात शिपाई होते. पण आरमोरीत कोणी त्यांना शिपाई म्हणून ओळखत नसे. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा मोसम सुरू झाला की वडस्याच्या दादाजींच्या कंपनीत ऑर्गनवर बसणारा माणूस म्हणजे लटारूभाऊ, आणि हे बावीस वर्षं चाललं होतं.

नव्या नाटकाची गाणी पूर्वी संगीतकार समोर बसून शिकवायचा. आता तो नागपूरहून मोबाइलवर पाठवतो. ती गाणी लटारूभाऊ गाडीत ऐकत आणि रात्रीच्या जेवणाआधी घरच्या पेटीवर बसवत. हेडफोन नागपूरच्या एका स्टुडिओतून मिळालेले, जुने, जड. जुन्या मोबाइलवर ते कसेबसे चालायचे. यंदा मुलीने, रिनाने, नवा मोबाइल आणून दिला आणि त्याला वायर घालायला भोकच नव्हतं.

"बाबा, आता बिनवायरचे येतात. कानात घालाचे बोंडं घ्या ना," रिना म्हणाली.

"पाह्यले मी. कानात मच्छर गुणगुणल्यावानी वाटते. पेटीचा सूर त्यातून येतच नाई."

यंदा उशीर परवडणारा नव्हता. दादाजींनी लॅपटॉप आणला होता. नऊ गाणी, नऊ ट्रॅक, बटण दाबलं की सुरू. "लटारूभाऊ, तालमीच्या दिवशी नऊही गाणी तयार असली तर तुमी बसा," ते म्हणाले होते. "नाईतर यंदा मशीनच चालवतो. राग मानू नका." तालमीला तीन आठवडे होते.

रिनानेच शोध लावला. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी मिळते. मोबाइलशी ती ब्लूटूथने जोडायची, हेडफोनची वायर डबीत घालायची आणि डबी खिशाला अडकवायची. आतला अ‍ॅम्प्लिफायर जड हेडफोनलाही जोर देतो. गडचिरोलीच्या बिरजूच्या मोबाइलच्या दुकानात तशा तीन डब्या होत्या.

झाडीपट्टीत नाटक चांगलं झालं की नाही, हे एकाच गोष्टीवरून ठरतं. मंडपाच्या शेवटी, बैलगाडीला टेकून बसलेल्या माणसाला ऐकू आलं का? लटारूभाऊंनी डब्याही तशाच पारखल्या. हेडफोन काउंटरवर ठेवायला लावले, आवाज पूर्ण वाढवायला सांगितला आणि पाठ करून आठ पावलं चालत दुकानाच्या दारात जाऊन उभे राहिले.

"भाऊ, हे कानाले लावाचं रायते," बिरजू म्हणाला. "लगनात वाजवाचं नाई."

"तू लाव बापा. शेवटच्याले आयकू आलं पाह्यजे."

पहिल्या दोन डब्या दारापर्यंत पोचल्याच नाहीत. तिसरीतला ढोलकीचा ठेका पानटपरीवरच्या माणसानेही मान वळवून ऐकला. ती डबी खिशाला लागली.

दहा दिवसांत पाच गाणी बसली. गाडी खड्ड्यातून जाऊ दे, मागे कोणी कोंबड्या घेऊन बसू दे, कानात सगळं दणदणीत होतं. लटारूभाऊ खूश होते. अकराव्या दिवशी ते पेटीवर तिसरं गाणं वाजवत होते आणि त्यांची बायको सुगंधाबाई बाजूला भाजी निवडत रिनाच्या मोबाइलवर तेच गाणं ऐकत होत्या. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"रिनाचे बाबा, तुमी वाजवून राह्यले ते गाणं हे नोहे."

"काऊन?"

"अंतऱ्यात ती बाई खाली उतरते तवा तिचा आवाज मऊ होते. तुमचा नाई होत."

लटारूभाऊंनी मोबाइल कानाशी धरला. तीनदा ऐकलं. तिथे कोमल निषाद होता, क्षणभराचा. ते आतापर्यंत त्याच्या वरचा शुद्ध निषाद वाजवत होते. त्या जागी ढोलकीचा घुमारा होता आणि त्यांच्या डबीने तो इतका फुगवला होता की सूर त्याखाली गाडला गेला. मग त्यांनी बाकीची चारही गाणी तपासली. दोन ठिकाणी तसंच झालं होतं.  लटारूभाऊंनी पेटीचा भाता बंद केला आणि डबी खिशातून काढून पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी डबी बिरजूच्या काउंटरवर होती.

"वापरलेली हाय भाऊ. मी कोणाले देऊ?"

"शेजारच्या टपरीवाल्याले दे. त्याले लय आवडली होती."

बिरजू हसला. नाटकाच्या दोन पासांवर अदलाबदल ठरली, दोन्ही पुढच्या रांगेतले. या वेळी लटारूभाऊंनी उरलेल्या दोन्ही डब्या दुकानात ऐकल्याच नाहीत. बिरजूला घेऊन ते बसस्टँडवर गेले. आरमोरीची गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. मागच्या चाकावरच्या सीटवर बसून त्यांनी हेडफोन चढवले आणि आवाज वाढवण्याऐवजी कमी करत नेला. एका डबीत आवाज उतरला की नुसती खरखर उरत होती. दुसरीत उतरत्या आवाजातही गायिका अंतऱ्याआधी श्वास घेताना ऐकू येत होती. इंजिन धडधडत असतानाही तो छोटासा श्वास वेगळा राहिला. त्या डबीला फिरवायचं बटण होतं, न पाहता खिशातल्या खिशात फिरवता येण्यासारखं.

"हे," ते म्हणाले.

"ह्याचा आवाज तर सगळ्यात बारीक हाय भाऊ."

"असू दे. मी कुठी मंडपाच्या शेवटी बसतो?"

उरलेल्या दिवसांत त्यांनी नऊ गाणी पुन्हा पहिल्यापासून ऐकली. सुगंधाबाई रोज परीक्षा घ्यायच्या, त्याही भाजी निवडतच. कार्यालयात फाईल नेतानासुद्धा लटारूभाऊंची बोटं फाईलच्या पाठीवर हलत.

तालमीचा दिवस रविवार होता. वडस्याच्या हॉलमध्ये टेबलावर लॅपटॉप उघडा होता, कोपऱ्यात ऑर्गन. नायिकेचं काम करणारी रीता नागपूरहून आली होती, गळ्याला रुमाल गुंडाळून.

"दादाजी, घसा बसलाय. काळी एकची पट्टी आज नाही झेपणार. पांढरी एक घ्या, अर्धा सूर खाली."

लॅपटॉपवाला म्हणाला, "होऊन जाते. दहा मिनिटं द्या."

तो बटणं शोधू लागला. लटारूभाऊंनी भाता मारला आणि पांढरी एकचा सूर धरला. रीता उभी राहिली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या अंतऱ्याआधी लटारूभाऊंची बोटं श्वासाएवढी थांबली. रीतानेही तिथेच श्वास घेतला आणि दोघं एकत्र खाली उतरले, त्या कोमल निषादावर. तिने गाता गाता वळून पाहिलं. लटारूभाऊ पट्ट्यांकडे पाहत होते.

नऊ गाणी झाली. लॅपटॉपवाल्याची दहा मिनिटं केव्हाच संपली होती. दादाजींनी लॅपटॉप मिटला आणि चहाची कपबशी त्याच्यावर ठेवली.

"लटारूभाऊ, पयला प्रयोग भाऊबीजेले. रजा टाकून ठेवा."

हॉलमध्ये कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. लटारूभाऊंनी दुपट्ट्याने ऑर्गनच्या पट्ट्या पुसल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

घरी पोचेपर्यंत दिवस मावळला होता. रिना दारातच उभी होती, सुगंधाबाई तिच्या मागे. लटारूभाऊंनी चपला काढल्या. तालमीत काय झालं ते सांगायच्या आधी खिशातली डबी काढून रिनाच्या हातात दिली.

"चार्जिंगले लाव माय. उद्या सातची गाडी हाय."